विषारी गाळाची वीट: भट्टीत काय जळते, काय उरते?

डहाणूच्या खाडीकाठची औष्णिक वीज केंद्राची चिमणी दूरवरून दिसते. १९९०च्या दशकाच्या मध्यात सुरू झालेले हे ५०० मेगावॉटचे केंद्र कोळशावर चालते. कोळसा जळाला की राख उरते आणि ती सिमेंट व विटा बनवणाऱ्यांच्या उपयोगी पडते. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर कारवीच्या कुडाच्या, शेणामातीने सारवलेल्या भिंती कमी होत आहेत. त्यांच्या जागी येणाऱ्या घरकुलांत लाल विटेबरोबर आता करडी वीटही दिसते.

राखेची वीट होते, तर कारखान्यांतल्या विषारी गाळाची का होऊ नये? वरवर साधा वाटणारा हा प्रश्न आपल्या भागासाठी महत्त्वाचा आहे. दक्षिणेला तारापूरची औद्योगिक वसाहत आहे. उत्तरेला तलासरीची हद्द ओलांडली की उंबरगाव, सरीगाम आणि वापी लागते. रंग, औषधे, कीटकनाशके, धातूंवर मुलामा देणे असे अनेक उद्योग या पट्ट्यात आहेत. त्यांचे सांडपाणी शुद्ध केले की तळाशी गाळ बसतो. पाण्यातून काढलेले शिसे, क्रोमियम, निकेल, तांबे, जस्त या गाळात जाऊन बसतात. पाणी स्वच्छ झाले म्हणून विष नाहीसे झाले, असे होत नाही. ते फक्त घट्ट झाले.

या गाळाचे काय करायचे? आज बराचसा गाळ तळोज्यासारख्या ठिकाणी खास अस्तर घातलेल्या खड्ड्यांत पुरला जातो. काही कचरा सिमेंटच्या भट्ट्यांत जातो. दोन्हींसाठी वाहतूक आणि पैसा लागतो, आणि खड्डे कधी ना कधी भरतात. म्हणून गाळ मातीत कालवून, भाजून, त्याच्या विटा, फरशा किंवा कौले करण्याच्या कल्पनेवर जगभर काम झाले आहे. ती मुळात चुकीची नाही. पण कुठल्या भट्टीत, कोणाच्या हातून आणि कोणत्या तपासणीनंतर हे होते, यावर तिचे बरेवाईट ठरते.

आधी एक फरक

राख आणि विषारी गाळ एकाच मापाने मोजता येत नाहीत. आपल्या कायद्याने कोळशाच्या राखेला घातक कचऱ्याच्या यादीबाहेर ठेवले आहे. प्रमाणाने प्रचंड पण विषारीपणाने सौम्य, असा तिचा वर्ग आहे. १४ सप्टेंबर १९९९च्या अधिसूचनेने औष्णिक केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या वीटभट्ट्यांना किमान २५ टक्के राख मिसळणे बंधनकारक केले. पुढे हे अंतर वाढत गेले, आणि ३१ डिसेंबर २०२१च्या अधिसूचनेने सगळी राख वापरात आणण्याची जबाबदारी वीज केंद्रांवरच टाकली.

आपण जिला राखेची वीट म्हणतो, ती बहुतेक वेळा भाजलेलीही नसते. राख, चुना किंवा सिमेंट आणि जिप्सम यांचे मिश्रण यंत्रात दाबून ती करतात आणि पाणी मारून मुरवतात. मातीत राख मिसळून भाजलेली वीट हा वेगळा प्रकार. दोन्हींसाठी भारतीय मानके आहेत. चांगल्या कारखान्यात बनलेल्या राखेच्या विटेच्या घरात राहायला घाबरण्याचे कारण नाही.

विषारी गाळाचे तसे नाही. त्यात काय आहे ते कारखान्यागणिक बदलते, आणि एकाच कारखान्यात महिन्यागणिकही बदलते. त्यामुळे ‘राखेची चालते, मग याचीही चालेल’ हा युक्तिवाद टिकत नाही.

भट्टी काय करते

माती ९०० ते १००० अंश सेल्सिअसला भाजली की तिचे कण कडांनी वितळून एकमेकांना चिकटतात. थोडा भाग काचेसारखा होतो. धातूचे अणू या काचेत किंवा नव्याने तयार झालेल्या स्फटिकांत अडकतात. क्रोमियम, निकेल, जस्त हे धातू लोह आणि ॲल्युमिनियमबरोबर ‘स्पिनेल’ नावाचे घट्ट स्फटिक बनवू शकतात. त्यांतून ते पाण्यात सहज सुटत नाहीत. फरशीच्या कारखान्यात तापमान ११५० ते १२०० अंशांपर्यंत जाते, तिथे ही पकड आणखी घट्ट होते.

याचे चांगले उदाहरण आपल्याच देशातले आहे. जस्ताच्या कारखान्यात जॅरोसाइट नावाचा पिवळसर टाकाऊ पदार्थ निघतो. त्यात शिसे आणि कॅडमियम असते. भोपाळच्या प्रयोगशाळेतील आणि मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांनी या शतकाच्या पहिल्या दशकात जॅरोसाइटमध्ये माती आणि कोळशाची राख मिसळून, भाजून बांधकामाचे नमुने तयार केले. योग्य प्रमाणात मिसळले, तर भाजल्यानंतर धातूंचा पाझर मर्यादेत राहतो असे त्यांना दिसले. फ्रान्समध्ये मॉर्सेन्क्स येथे ॲसबेस्टॉसचा कचरा प्लाझ्माच्या ज्वाळेत वितळवून त्याचा काळ्या काचेसारखा दगड करतात. ॲसबेस्टॉसचे घातक तंतू त्यात उरत नाहीत. जपानने शहरी कचरा जाळून उरलेली राख वितळवून रस्त्याच्या कामात वापरण्यासाठी मानके केली.

या सगळ्या ठिकाणी तापमान मोजलेले होते, मिश्रण ठरलेले होते आणि निघणारा धूर पकडला जात होता. आपल्याकडच्या गावठी वीटभट्टीत यातले काय असते? कच्च्या विटा रचून, मध्ये तूस आणि कोळशाचा चुरा घालून भट्टी पेटवतात. मधल्या विटा करपतात, कडेच्या कच्च्या राहतात. धुराला चिमणीही नसते.

जे भट्टीत राहत नाही

प्रत्येक धातू भट्टीत थांबत नाही. पारा ३५७ अंशांना उकळतो, म्हणजे वीट भाजून होण्याच्या कितीतरी आधी तो हवेत गेलेला असतो. कॅडमियम ७६७ अंशांना उकळते. आर्सेनिकची संयुगे त्याहूनही कमी तापमानाला वाफ होतात. शिसे तसे जड, पण गाळात क्षार म्हणजे क्लोराइड असले, तर तेही उडून जायला लागते. क्लोरीन आणि सेंद्रिय रसायने एकत्र अर्धवट जळली, तर डायॉक्सिनसारखी कर्करोगकारक संयुगे तयार होतात. मग वीट तपासणीत उत्तम उतरते, कारण विष तिच्यात उरलेलेच नसते. ते भट्टीशेजारच्या झोपडीवर, चिकूच्या बागेवर आणि विहिरीच्या काठावर बसलेले असते.

क्रोमियमची गोष्ट आणखी वेगळी आहे. गाळात ते सहसा त्रिसंयुजी रूपात असते आणि ते रूप तुलनेने निरुपद्रवी आहे. पण चुना किंवा सोड्यासारखे अल्कली असताना, भरपूर हवेत भाजले, तर त्याचे षट्संयुजी क्रोमियम होऊ शकते. हे पाण्यात विरघळते. कातडीवर त्याचे खोल व्रण होतात, नाकाच्या मधल्या पडद्याला भोक पडते, आणि श्वासावाटे दीर्घकाळ गेले तर फुप्फुसाचा कर्करोग होतो. म्हणजे चुकीच्या मिश्रणात भट्टी विष कमी करण्याऐवजी वाढवते. मिश्रणातला चुना किती आणि हवा किती, हे बघणारा रसायनतज्ज्ञ भट्टीवर नसेल, तर ‘भाजले म्हणजे शुद्ध झाले’ ही समजूत धोक्याची ठरते.

घरांनी शिकवलेले धडे

बांधकामात टाकाऊ पदार्थ वापरून नंतर पस्तावलेले देश आहेत. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या ग्रँड जंक्शन गावात युरेनियमच्या गिरणीतली उरलेली वाळू १९५० आणि ६०च्या दशकांत घरांच्या पायाखाली आणि आवारात भरावासाठी वापरली गेली. वाळू फुकट होती आणि दिसायला साधी होती. पुढे घरांतून रेडॉन वायू निघतो असे लक्षात आले आणि हजारो जागा खणून साफ कराव्या लागल्या. स्वीडनमध्ये १९२९ ते १९७५ या काळात एका विशिष्ट खडकापासून हलके, निळसर काँक्रीट बनवले गेले. त्या खडकात रेडियम होते. त्या भिंतींची घरे तिथे आजही आहेत आणि त्यांत वायुवीजन वाढवण्याचा सल्ला दिला जातो.

दोन्हीकडे कोणाचा वाईट हेतू नव्हता. स्वस्त, हाताशी असलेला माल वापरला गेला आणि तपासणी नंतर झाली. घर एकदा बांधले की ते पन्नास-साठ वर्षे राहते. औषध चुकले तर बंद करता येते, भिंत तशी बंद करता येत नाही.

वीट थापणारे हात

डॉक्टर म्हणून मला तयार विटेपेक्षा ती थापणाऱ्याची चिंता जास्त वाटते. भाजलेली, गिलावा केलेली वीट ही गाळाच्या प्रवासातली सगळ्यांत सुरक्षित अवस्था. तिच्या आधी गाळ वाळवला जातो, चाळला जातो, पायाने किंवा फावड्याने मातीत कालवला जातो. हे काम कोण करणार, हे आपल्या जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. दिवाळी झाली की डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाड्याची वारली आणि कातकरी कुटुंबे उचल घेऊन वसई, भिवंडी, कल्याणकडच्या भट्ट्यांवर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. पूर्ण कुटुंब भट्टीशेजारी झोपडीत राहते. पोर मातीच्या ढिगाऱ्यावर खेळते, आई थापलेल्या विटा उलटते, त्याच हाताने भाकरी करते.

शिसे पोटात जाण्याची वाट हीच असते: हात, तोंड, भाकरी. आणि इथे कुपोषणाचा थेट संबंध येतो. शरीरात लोह आणि कॅल्शियम कमी असेल, तर आतडे शिसे जास्त प्रमाणात शोषते. म्हणजे तेवढीच धूळ गिळली तरी पांडुरोगी, अशक्त मुलाच्या रक्तात शिसे जास्त जाते. शिशाने पांडुरोग वाढतो, शिकण्याची क्षमता घटते, वागण्यात चिडचिड येते. मुलांसाठी शिशाची सुरक्षित म्हणावी अशी कोणतीही पातळी सापडलेली नाही. अमेरिकेने २०२१पासून रक्तातल्या शिशाची दखल घेण्याची पातळी प्रति डेसिलिटर ३.५ मायक्रोग्रॅमवर आणली आहे.

आपल्या भागात लोहाच्या कमतरतेचा पांडुरोग आहे आणि सिकलसेलही आहे. या दोघांच्या गर्दीत शिशामुळे झालेला पांडुरोग सहज लपतो. तालुक्याच्या रुग्णालयात हिमोग्लोबिन आणि सिकलसेलची तपासणी होते. रक्तातल्या शिशाची तपासणी मात्र सहसा मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवावी लागते, आणि जी तपासणी हाताशी नसते ती डॉक्टरांच्या मनातही लवकर येत नाही.

आणखी एक गोष्ट बाहेरच्या लोकांना ठाऊक नसते. रक्त कमी असलेल्या गरोदर बायांना आणि मुलांना माती खाण्याची ओढ लागते. कोणी भाजलेली माती खाते, कोणी भिंतीचे पोपडे, कोणी विटेचा तुकडा चघळते. हा पांडुरोगाचाच एक भाग आहे, हौस नव्हे. शिसे वारेतून गर्भापर्यंत पोचते. त्यामुळे ‘वीट कोणी खात नाही’ असे गृहीत धरून केलेले सुरक्षिततेचे गणित आमच्याकडे चुकते.

फुप्फुसांचेही तेच. राख असो, माती असो की दगडाचा चुरा, त्यातल्या बारीक सिलिकाने सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही आणि त्यावर क्षयरोग लवकर चढतो. वारंवार क्षयरोगाची औषधे घेऊनही दम न जाणाऱ्या रुग्णाला ‘काम काय करता?’ हे विचारलेच पाहिजे. शिशाची विषबाधा, क्रोमियमचे व्रण आणि सिलिकोसिस हे तिन्ही कायद्याने कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांत आहेत. पण ज्याची नोंद हजेरीपटावरच नाही अशा भट्टीवरच्या मजुराचा रोग कोणाच्या नावावर कळवायचा?

१८ तास आणि ६४ दिवस

घातक कचऱ्याबाबत सध्याचे नियम २०१६चे आहेत. त्यांच्या नवव्या नियमानुसार असा कचरा कच्चा माल म्हणून वापरायचा असेल, तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने ठरवलेल्या कार्यपद्धतीनुसार राज्य मंडळाची परवानगी घ्यावी लागते. वाहतुकीबरोबर मालाचा दाखला असावा लागतो. कचरा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात वापरासाठी जात असेल, तर दोन्ही राज्यांच्या मंडळांना कळवावे लागते. तलासरीसारख्या सीमेवरच्या तालुक्यात हा कागद फार मोलाचा आहे. दाखल्याशिवाय निघालेला टँकर रात्री नाल्यात रिकामा झाला, तर तो कुठून आला हे सांगायला मागे काहीच उरत नाही.

पदार्थातून विष पाझरते का, हे पाहण्याची नेहमीची चाचणी अशी: नमुना ९.५ मिलिमीटरपेक्षा बारीक करतात, वीसपट सौम्य ॲसेटिक आम्लात घालून सुमारे १८ तास फिरवतात, मग द्रवात धातू मोजतात. शिशाची मर्यादा लिटरला ५ मिलिग्रॅम, कॅडमियमची १, पाऱ्याची ०.२. ही चाचणी कचऱ्याच्या खड्ड्यासाठी बनवलेली आहे. कोकणपट्टीत चार महिने पाऊस झेलणाऱ्या भिंतीचे आयुष्य तिच्यात मोजले जात नाही. शिवाय षट्संयुजी क्रोमियमसारखी विषे सिमेंटच्या अल्कधर्मी पाण्यातही सुटतात, तिथे आम्लाची चाचणी पुरेशी नाही. नेदरलँड्सने १९९०च्या दशकात बांधकाम साहित्यासाठी वेगळे नियम केले. त्यात अख्खा ठोकळा पाण्यात ठेवून, पाणी बदलत, ६४ दिवस पाझर मोजण्याची चाचणी आहे. आपल्याकडेही घराच्या विटेला घराची चाचणी हवी.

लक्ष ठेवले तर फरक पडतो, हे डहाणूने दाखवले आहे. २० जून १९९१च्या अधिसूचनेने हा तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या आदेशानंतर डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी दीर्घकाळ त्याचे अध्यक्षपद सांभाळले. वीज केंद्राच्या धुरातला गंधक काढणारी यंत्रणा बसवण्याचा आदेश प्राधिकरणाने १९९९मध्ये दिला. ती प्रत्यक्षात २००७मध्ये बसली. आठ वर्षे लागली, पण बसली. याउलट शेजारच्या तारापूरला केंद्रीय मंडळाच्या २०१८च्या प्रदूषण निर्देशांकात ९३.६९ गुण मिळाले, देशात सर्वांत वाईट. तिथल्या सांडपाण्याविरुद्ध मांगेला समाजाच्या परिषदेला २०१६मध्ये हरित लवादाकडे जावे लागले होते.

म्हणून माझे मत असे आहे. विषारी गाळापासून बांधकाम साहित्य करायचे असेल, तर ते बंदिस्त कारखान्यात, मोजलेल्या तापमानाला आणि धूर धुणाऱ्या यंत्रणेसह व्हावे. पारा, आर्सेनिक आणि क्लोरीनयुक्त रसायने असलेला गाळ त्यातून आधीच वगळावा. तयार माल आधी रस्त्याच्या कडेच्या फरशा, औद्योगिक शेड अशा कामांत वापरावा. घरकुल, अंगणवाडी आणि पाण्याच्या टाकीत नको. तिथल्या कामगारांच्या रक्ताची आणि लघवीची तपासणी ठरलेल्या मुदतीने व्हावी आणि अहवाल त्यांच्या हातात द्यावा. गावठी वीटभट्टीत हा गाळ जाता कामा नये, मग तो ‘फुकट माती’ म्हणून येवो की ‘फुकट जळण’ म्हणून. फुकट मिळणाऱ्या मालाची किंमत कोणीतरी दुसरा मोजत असतो.

घरी आणि कामावर काय पाळावे

राखेची वीट घेताना कारखान्याचे नाव आणि चाचणीचा दाखला मागा. वीट कापताना, घासताना पाणी मारा आणि नाकाला नीट बसणारा मास्क लावा. ओढणी किंवा रुमाल बारीक धूळ अडवत नाही. भिंतीला पांढरा लोणा लागला तर तो बहुधा साध्या क्षारांचा असतो. पिवळा किंवा हिरवट डाग दिसला तर लगेच घाबरू नका, व्हॅनेडियमच्या क्षारांनीही असा डाग पडतो. पण विटेचा माल कुठून आला हे कळत नसेल, तर ग्रामपंचायतीमार्फत नमुना तपासून घ्या.

कारखान्याच्या किंवा भट्टीच्या राखेने भांडी घासू नका. रसायनाची रिकामी पिंपे पाण्यासाठी वापरू नका, कितीही धुतली तरी. भट्टीवर काम करत असाल, तर जेवणापूर्वी साबणाने हात धुवा आणि कामाचे कपडे मुलांना जवळ घेण्याआधी बदला. भट्टीवर जाताना लोहाच्या गोळ्या बरोबर घ्या. अशक्तपणा कमी, तेवढे शिसेही शरीरात कमी शिरते.

मूल किंवा गरोदर बाई माती खात असेल, तर रागावू नका, रक्त तपासून घ्या. आणि दवाखान्यात गेलात की भट्टीवर काम केल्याचे आपणहून सांगा. कुठल्या गावची भट्टी, किती महिने, मातीत काय मिसळत होते, जळण काय होते, एवढी माहिती डॉक्टरांना मिळाली, तर नेमकी तपासणी कोणती करायची ते ठरवता येते.